काय येतं, कुठे जातं: बंगळुरूच्या तळ्यांमधली परिसंस्था

बेळ्ळंदूर तलाव मेला, हे वाक्य बंगळुरूत इतक्यांदा कानावर पडतं की ते तपासून पाहावं असं आता कोणाला वाटत नाही. लोक तसं म्हणतात त्याला कारणही आहे. २०१५ च्या मे महिन्यात तलावावरच्या फेसाने पेट घेतला. २०१७ च्या फेब्रुवारीत पुन्हा धुराचे लोट उठले. १९ जानेवारी २०१८ ला लागलेली आग विझवायला शेजारच्या लष्करी केंद्रातले जवान हजारोंनी उतरले. त्याच पाण्याच्या वाटेवर पुढे असलेल्या वर्तूरला वाऱ्याने उडालेला फेस रस्त्यावर यायचा आणि दुचाकीस्वारांच्या अंगावर बसायचा. जे पाणी पेटतं त्याला जिवंत कोण म्हणणार?

तरीही परिसरशास्त्राच्या हिशोबाने ते विधान चूक आहे. त्या काळ्या पाण्यात जीव कमी नव्हते, उलट कुठल्याही स्वच्छ तळ्यापेक्षा कितीतरी जास्त होते. जिवाणू मैला खात होते, त्यातले काही प्राणवायूवाचून जगत मिथेन आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडत होते, वर जलपर्णी दिवसरात्र पसरत होती. परिसंस्था बंद पडत नसते. तिला जे मिळतं त्यावर ती चालते, आणि मिळणारं बदललं की चालण्याची तऱ्हा बदलते. म्हणून तळ्याबद्दल पहिला प्रश्न विचारायचा तो त्यात काय येतं आणि आलेलं कुठे जातं हा. ‘स्वच्छ की घाण’ हा प्रश्न त्यानंतरचा. परिसरशास्त्राच्या सव्वाशेहून जास्त वर्षांच्या इतिहासातल्या बहुतेक मूळ कल्पना या एका प्रश्नाभोवती फिरतात, आणि त्या शिकायला बंगळुरूइतकी उघडी शाळा दुसरी नसेल.

या शास्त्राचा जन्मच बराचसा तळ्याकाठी झाला. अमेरिकेतल्या स्टीफन फोर्ब्स यांनी १८८७ साली तळं म्हणजे एक छोटं विश्व आहे असं मांडलं. एका माशाचा अभ्यास करायचा तर तो काय खातो, त्याला कोण खातं, त्याच्या पिल्लांचा घास कोण पळवतं हे सगळं पाहावं लागतं, हा त्यांचा मुद्दा. १९३५ साली इंग्लंडच्या आर्थर टॅन्स्ली यांनी परिसंस्था ही संकल्पना दिली. सजीव आणि त्यांच्याभोवतालची निर्जीव चौकट, म्हणजे माती, पाणी, हवा, ऊन, हे मिळून एकच यंत्रणा धरायची. सात वर्षांनी, १९४२ मध्ये, रेमंड लिंडमन या तरुणाने मिनेसोटातल्या एका दलदलीच्या तळ्याचा हिशोब ऊर्जेच्या भाषेत मांडला. तिशीही न गाठलेला लिंडमन तो निबंध छापून येण्याआधीच वारला. परीक्षकांनी निबंध आधी नाकारला होता, कारण त्यात निरीक्षणं थोडी आणि सिद्धान्त फार आहे असं त्यांना वाटलं. आज त्याच्याशिवाय या विषयाचं एकही पाठ्यपुस्तक सुरू होत नाही.

लिंडमनचा हिशोब साधा आहे. सूर्याच्या उजेडातली टक्का-दोन टक्के ऊर्जा शेवाळ आणि पाणवनस्पती पकडतात. त्यांना खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांच्या शरीरात त्यातला ढोबळमानाने दहावा हिस्सा उतरतो, बाकीची ऊर्जा श्वसनात आणि उष्णतेत जाते. त्यांना खाणाऱ्या बारीक माशांत पुन्हा दहावा, मोठ्या माशांत पुन्हा दहावा. म्हणजे हजार किलो शेवाळामागे मोठा मासा एक किलो. जक्कूर किंवा हेब्बाळच्या तळ्यावर उतरणाऱ्या पेलिकनला रोज साधारण किलोभर मासे लागतात. वारकरी आणि हळदीकुंकू बदकं डझनांनी दिसतात आणि पेलिकन मोजके, याचं उत्तर या भागाकारात आहे. दहावा हिस्सा हा निसर्गाचा कायदा नव्हे, तो कधी पाच टक्के असतो कधी वीस. पण ऊर्जा एकाच दिशेने वाहते, ती परत फिरत नाही, एवढं मात्र पक्कं.

बेळ्ळंदूरमध्ये या चित्रात एक गोष्ट वेगळी आहे. तिथल्या अन्नसाखळीचा पाया तलावावर पडणाऱ्या उन्हावर फारसा उभा नाही. ते ऊन मंड्याच्या भातखाचरांवर, उत्तरेकडच्या गव्हाच्या शेतांवर पडलं, तिथून अन्न होऊन शहरात आलं, शहराने ते पचवलं आणि उरलेलं सांडपाण्यातून तलावात आलं. शास्त्रीय भाषेत हा तलाव परावलंबी आहे. जिवाणूंना तयार जेवण वाहत येतं. ते खाताना ते पाण्यातला प्राणवायू संपवतात. सांडपाण्याची ताकद मोजायचं जे मोजमाप आहे, बीओडी, ते दुसरं काही नाही: ही घाण पचवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मुळात फार थोडा असतो, लिटरमागे सात-आठ मिलिग्रॅम. उष्ण पाण्यात तो आणखी कमी मावतो. दिवसा शेवाळ भर घालतं, रात्री तेच शेवाळ श्वास घेऊन खर्च करतं, म्हणून पहाटे पातळी सर्वांत खाली जाते. मासे मेलेले दिसतात ते बहुधा सकाळी आणि बहुधा उन्हाळ्यात. मार्च २०१६ मध्ये अलसूर तलावात हजारो मासे तरंगताना सापडले तेव्हा पाण्यात कोणी विष कालवलं का अशी शंका निघाली होती. असल्या घटनांत विष शोधण्याआधी प्राणवायू मोजावा.

ऊर्जा वाहून जाते, पण द्रव्य फिरतं, हा परिसरशास्त्राचा दुसरा खांब. कार्बन हवेतून येतो, हवेत जातो. नायट्रोजनचं चक्र गुंतागुंतीचं असलं तरी त्यालाही हवेची दारं आहेत: काही जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, गाळातले काही त्याला परत हवेत सोडून देतात. फॉस्फरसला मात्र हवेत जायची वाट नाही. तो खडकातून सुटतो, जीवांत शिरतो, गाळात बसतो, आणि कोणी उचलेपर्यंत तिथेच राहतो. बंगळुरूच्या तळ्यांची गोष्ट मुख्यतः या एका मूलद्रव्याची आहे असं माझं मत आहे.

फॉस्फरसला एवढं महत्त्व द्यायला पुरावा कॅनडातला आहे. ऑन्टॅरिओ प्रांतात प्रयोगांसाठीच राखून ठेवलेल्या तळ्यांपैकी २२६ क्रमांकाच्या तळ्यात डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मधोमध पडदा टाकला. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्या बाजूला या दोन्हींबरोबर फॉस्फरसही. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली, दुसरी होती तशी राहिली. विमानातून काढलेल्या त्या एका छायाचित्राने शेवाळ वाढण्याला फॉस्फरस जबाबदार आहे का हा साबण उद्योगाशी चाललेला वाद निकालात काढला आणि अनेक देशांनी धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर बंधनं आणली. जी गोष्ट गरजेच्या मानाने सर्वांत तुटपुंजी, तीच वाढीची मर्यादा ठरवते, हे शेतकऱ्याला माहीत असलेलं तत्त्व इथे सरळ डोळ्यांना दिसलं.

आता बंगळुरूचा अंदाज मांडू. माणसाच्या मलमूत्रातून रोज दीड ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस बाहेर पडतो. एक कोटीहून जास्त वस्तीच्या शहरात हे झाले रोजचे १५ टन, साबण-पावडर वेगळी. एक किलो फॉस्फरस शंभर किलोच्या वर सुकं शेवाळ पोसू शकतो. यातला सगळा तळ्यांत जात नाही, शुद्धीकरण केंद्रांच्या गाळातही काही अडकतो. पण नेहमीची दुसऱ्या टप्प्यापर्यंतची प्रक्रिया मुख्यतः जिवाणूंचं जेवण काढून घेते, फॉस्फरस त्यातून बराचसा निसटतो. एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, बसवलं तरी जलपर्णी का हटत नाही, असं वैतागून विचारणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. फेसाचं कारण आणखी वेगळं. कपडे धुण्याच्या द्रव्यांतले न विघटलेले अंश पाण्यात असतात, सांडव्यावरून पाणी उंचावरून कोसळताना त्यात हवा घुसळली जाते आणि फेस फुगतो.

हे पूर्वी असं नव्हतं म्हणताना जरा जपून बोललं पाहिजे, कारण ही तळी निसर्गाने दिलेली नाहीत. समुद्रसपाटीपासून ९०० मीटर उंचीवरचं हे शहर एका उंचवट्यावर बसलं आहे. मोठी नदी नाही. पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या आतबाहेर. म्हणून शेकडो वर्षं इथल्या लोकांनी उतारांवर बांध घालून पाणी अडवलं आणि एका तळ्याचा सांडवा खालच्या तळ्याला जोडला. तळ्याला इथे केरे म्हणतात आणि जोडणाऱ्या मोठ्या नाल्यांना राजकालुवे. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेलं हे ठाणं १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने घेतलं आणि शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, तेव्हाही शहराचा जीव या केऱ्यांवरच होता. आमच्याकडे भंडारा-गोंदियात कोहळी समाजाने बांधलेल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांची घडणही याच विचाराची.

या व्यवस्थेत द्रव्याचं वर्तुळ पुरं होत असे. पावसाबरोबर शेतातली माती आणि तिच्यातला फॉस्फरस तळ्यात यायचा. नीरगंटी, म्हणजे पाणी वाटणारा गावचा माणूस, पाण्याच्या पाळ्या लावायचा. उन्हाळ्यात तळं आटलं की शेतकरी गाळ काढून बैलगाड्यांनी शेतात नेऊन टाकायचे, उघड्या पात्रात गुरं चरायची. उथळ तळं आपलं आपण सोडलं तर हळूहळू गाळाने भरतं, आधी पाणकणीस, मग गवत, मग झुडपं येतात, यालाच अनुक्रमण म्हणतात. दरवर्षी गाळ उपसणारी माणसं ते अनुक्रमण अडवून धरत होती. म्हणजे ज्याला आपण आज निसर्ग म्हणून वाचवायला निघतो, त्या परिसंस्थेत माणूस पहिल्यापासून कामाला होता. तो काम सोडून गेला तेव्हा ती बदलली.

तो गेला कारण त्याला तळ्याची गरज उरली नाही. १८९४ मध्ये हेसरघट्ट्याहून नळाचं पाणी आलं, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीहून, आणि १९७४ पासून कावेरीचं. कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून आणि जवळजवळ अर्धा किलोमीटर उंच चढवून आणावं लागतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पाचव्या टप्प्याने त्यात रोजचे ७७५ दशलक्ष लिटर वाढवले. तळी मग रिकाम्या जागा म्हणून दिसू लागली. धर्मांबुधी तळ्यावर मॅजेस्टिकचं बसस्थानक आलं; महाराष्ट्रातून रात्रभर एसटीने येणारा माणूस पहाटे जिथे उतरतो ती जागा म्हणजे तळ्याचं पोट. संपंगी तळ्यावर कंठीरवा स्टेडियम उभं राहिलं, इथल्या करगा उत्सवापुरतं एक टीचभर कुंड राखून. उरलेल्या तळ्यांना पावसाऐवजी वापरून टाकलेलं कावेरीचं पाणी मिळू लागलं. वर्षाकाठी एकदा आटणारं तळं बारमाही झालं आणि हा बदल प्रदूषणाइतकाच मोठा आहे, जरी त्याबद्दल कोणी मोर्चा काढत नाही. आटण्यामुळे गाळाला हवा लागत होती, गवत उगवत होतं, चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना हंगामी जागा मिळत होती. सतत भरलेल्या, पोषणद्रव्यांनी गच्च पाण्यात टिकतात ते जलपर्णी, तिलापिया, आफ्रिकी मागूर असे बाहेरून आलेले आणि काहीही सोसणारे जीव.

इथे सीमेचा प्रश्न येतो. परिसंस्थेची हद्द कुठे? टॅन्स्लीपासून आजवर उत्तर एकच आहे: अभ्यासणारा ठरवेल तिथे. पण ठरवणाऱ्याने शहाणपणाने ठरवावी. बंगळुरूत महापालिका, विकास प्राधिकरण, जलमंडळ यांनी ती बहुतेक वेळा तळ्याच्या कुंपणापाशी ठरवली. म्हणून ‘तळं सुशोभित करणे’ म्हणजे गाळ काढायचा, काठ उभे दगडी बांधायचे, मध्ये बेट, भोवती वॉकिंग ट्रॅक. पात्राला खोल वाडग्याचा आकार आला की काठाचा उथळ उतार जातो, आणि पाणकणीस, बेडूक, वंचक, चिखले पक्षी ज्या वीतभर पाण्यात जगतात तेच नाहीसं होतं. आत येणारं सांडपाणी मात्र तसंच. बेळ्ळंदूरच्या हद्दीत वर दक्षिण बंगळुरूची स्वयंपाकघरं येतात आणि खाली वर्तूर, दक्षिण पिनाकिनी नदी, आणि तमिळनाडूत शिरल्यावर होसूरजवळचं केलवरपळ्ळी धरण, जिथे हाच फेस पुन्हा उठतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१८ मध्ये न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली, तेव्हा बेळ्ळंदूर आणि वर्तूर निदान कागदावर तरी जोडून पाहिले गेले.

गाळ काढून भागत नाही याला आणखी एक कारण आहे. उथळ तळ्यांच्या दोन तऱ्हा असतात, हे १९९० च्या दशकात नेदरलँड्सच्या मार्टेन शेफर यांनी दाखवलं. एकात पाणी निवळ, तळाशी वनस्पती. दुसऱ्यात पाणी गढूळ, शेवाळाने भरलेलं. पोषण वाढत गेलं तरी निवळ तळं बराच काळ तग धरतं, कारण तळाच्या वनस्पती गाळ धरून ठेवतात आणि शेवाळ खाणाऱ्या सूक्ष्म जीवांना आसरा देतात. एका टप्प्यावर ते अचानक कोसळतं. परत फिरायचं तर पोषण त्या टप्प्याइतकं कमी करून चालत नाही, त्याच्या कितीतरी खाली आणावं लागतं, कारण आता गाळच फॉस्फरस सोडत राहतो. सरकारी कामाला हे गणित जमत नाही. तिथे खर्च आणि निकाल एका रेषेत वाढतात असं गृहीत असतं.

हद्द बरोबर ठरवली तर काय होतं, याचं जवळचं उदाहरण जक्कूर. उत्तर बंगळुरूतल्या या सुमारे १६० एकरांच्या तळ्याच्या डोक्यावर जलमंडळाचं शुद्धीकरण केंद्र आहे. त्यातून निघालेलं पाणी थेट तळ्यात न सोडता आधी पाणकणसांच्या दलदलीतून नेलं जातं. मुळांभोवतीचे जिवाणू नायट्रोजन हवेत सोडतात, वनस्पती फॉस्फरस अंगात घेतात. मासेमारी चालते, पक्षी येतात, आसपासच्या विहिरींना पाणी लागतं. पण वनस्पती कापून बाहेर नेल्या नाहीत तर त्या तिथेच कुजून घेतलेला फॉस्फरस परत देणार. म्हणजे पुन्हा माणूस कामाला हवाच. बंगळुरूच्या अनेक तळ्यांतून गुरांसाठी गवत कापून नेणारे लोक नकळत हेच करत असतात. त्यांना कुंपणाबाहेर ठेवणं ही सुशोभीकरणाची पहिली पायरी असते. अर्थात जिथे कारखान्यांचं पाणी मिसळतं तिथे जड धातू गवतातून दुधात आणि पालेभाजीतून ताटात येऊ शकतात. ऊर्जा पायरीपायरीला घटते, पण असली विषं कित्येकदा शरीरात साठत जातात.

माणसांना परिसंस्थेच्या आत धरून पाहायचं ही दृष्टी भारतात रुजवण्यात बंगळुरूचा मोठा हात आहे, आणि तो हात पुणेकराचा आहे. १९४२ साली पुण्यात जन्मलेले माधव गाडगीळ हार्वर्डहून परतल्यावर १९७३ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि १९८३ मध्ये तिथे परिसरविज्ञानाचं केंद्र उभं राहिलं. त्याआधी वा. द. वर्तकांबरोबर त्यांनी सह्याद्रीतल्या देवराया पालथ्या घातल्या होत्या. पण मला सर्वांत बोलका वाटतो तो त्यांचा बांबूचा अभ्यास. १९७० च्या दशकात कर्नाटकातले मेदार, म्हणजे आपल्याकडचे बुरूड, तक्रार करत होते की कागद गिरण्या बांबू संपवताहेत. गिरण्यांना तो मातीमोल दरात मिळत होता. दोष मात्र गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर टाकला जाई. बेटांच्या बुडाशी वाढणारं काटेरी जाळं वाढीला अडथळा आहे असं समजून ते साफ केलं जायचं. गावकरी म्हणायचे, तेच काटे कोवळ्या कोंबांना वाचवतात. गाडगिळांनी मोजून पाहिलं, आणि गावकरी बरोबर निघाले. काटे काढले की कोंब गुरांच्या आणि रानातल्या जनावरांच्या तोंडी लागत. यात वनस्पती, तृणभक्षी, बाजारभाव आणि सरकारी धोरण एकाच अन्नजाळ्यात आहेत, कुठलाही धागा वेगळा काढला की निष्कर्ष चुकतो.

त्याच विज्ञान संस्थेच्या आवारात, आणि शहरातल्या काही जुन्या झाडीत, लोरिस राहतो. मुठीत मावेल एवढा, बटबटीत डोळ्यांचा, रात्री फिरणारा हा प्राणी, कानडीत काडुपापा, जंगलातलं बाळ. तो उडी मारत नाही. एका फांदीवरून दुसरी धरता आली तरच पुढे जातो. रस्ता रुंद करताना झाडांची एक रांग गेली की त्याच्यासाठी बेट तयार होतं आणि बेटावरची थोडी वस्ती पुढेमागे आपोआप संपते. तळ्यांना जोडणारे राजकालुवे जिथे बुजले तिथे तळ्यांचंही हेच झालं.

शहराने तोडलेलं वर्तुळ पुन्हा जोडायचे दोन प्रयत्न इथे चालू आहेत, एक सरकारी, एक बाजाराने आपणहून शोधलेला. दुसरा आधी. मलनिःसारण वाहिन्या न पोचलेल्या भागांतल्या शौचटाक्या उपसणारे टँकर, ज्यांना इथे हनी-सकर म्हणतात, मैला शहराबाहेरच्या शेतकऱ्यांना देतात. केळीला आणि नारळाला तो मानवतो. हाताळणाऱ्या मजुरांच्या आरोग्याचं काय, कच्चा मैला किती दिवस मुरवायचा, हे प्रश्न खरे आहेत. पण मोरोक्को आणि जॉर्डनहून जहाजाने येणारा फॉस्फेटचा खडक शेवटी बेळ्ळंदूरच्या गाळात पुरण्यापेक्षा हे गणित निश्चित बरं.

सरकारी प्रयत्न मोठा आहे. २०१८ पासून बंगळुरूच्या कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातलं दुसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध केलेलं सांडपाणी पंपांनी कोलार जिल्ह्यात नेलं जातं, रोज ४४० दशलक्ष लिटरची योजना, तिथली शंभरावर कोरडी तळी भरायला. कोलारमध्ये बोअर शेकडो मीटर खाली गेल्या होत्या, त्यामुळे विहिरींना पाणी आल्याचा आनंद समजण्याजोगा आहे. पहिल्याच वर्षी तिथल्या लक्ष्मीसागर तळ्यावर फेस दिसला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करा, ही मागणी तेव्हापासून आहे आणि ती रास्त आहे. पण फॉस्फरसच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न पाण्याच्या दर्जापुरता उरत नाही. योजनेची कल्पना अशी की तळ्यातलं पाणी शेतकऱ्याने थेट उपसायचं नाही, ते जमिनीत मुरून विहिरीला येऊ द्यायचं. पाणी मुरतं, फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून बराचसा तळाशीच राहतो. म्हणजे कोलारच्या तळ्यांत तो साठत जाणार, जसा बेळ्ळंदूरमध्ये साठला. दर काही वर्षांनी तो गाळ तपासून, धातू नसतील तर शेतांत नेला, तर कोलारच्या नाचणीला आणि टोमॅटोला आयतं खत मिळेल. नाही नेला, तर जलपर्णीला.